धक्क्यावरची हाक

बरावो, येल बेट, शेटलंड
७ जून

ती. मीमा मावशीस,
ओस्लाचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? अॅबर्डीनच्या जिन्यांना माझ्या शिव्या सांग. इकडे सील पिल्लं घेऊन खडकांवर पसरलेत आणि त्यांच्या मागावर ऑर्का देवमासेही किनाऱ्याजवळ आलेत. बाबांच्या होडीतून मी रोज पाहुण्यांना ते दाखवायला नेते. आई त्यांच्यासाठी बॅनकच्या जाड भाकऱ्या भाजते, वर रुबार्बचा मुरंबा लावते, डबा धक्क्याच्या भिंतीवर ठेवते आणि मी दोर सोडायच्या आत घरात जाते. कुठे चाललीस, कधी येशील, एका शब्दानं विचारत नाही. परवा म्हटलं, तूही चल की, तर स्वच्छ पातेलं पुन्हा घासायला बसली.

बाबा याच होडीतून गेले. होडी रिकामी सापडली, ते सापडले नाहीत. तीच मी चालवते याचा तिला राग असेल, तर मी ती विकून टाकते. तिचा अबोला मला सोसत नाही. तुला खरं काय ते ठाऊक असेल.
तुझी लाडकी (हे तूच म्हणतेस),
ओस्ला


अॅबर्डीन, १२ जून

चि. ओस्लास अनेक आशीर्वाद.

जन्म बेटावर काढलास आणि अक्कल कुठे ठेवलीस गं? समुद्रावर निघालेल्याला कुठे म्हणून विचारायचं नाही, मागून हाक तर नाहीच नाही. आम्ही लहानपणी चुकलो की तुझी आजी कानफटात द्यायची.

तुझा बाप गिबी गेला त्या सकाळी तुझ्या आईला, रूबिनाला, आभाळ आवडलं नव्हतं. ती दारापर्यंत धावली, हाक ओठांवर आली आणि तिनं ती गिळली. अपशकुन नको म्हणून! तेव्हापासून तिला कुणाची निघालेली पाठ बघवत नाही. राग नाही गं तो. होडी विकू नकोस आणि तिच्या मागेही लागू नकोस.
माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
मीमा मावशी


बरावो, १९ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

काल धुकं इतकं होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नव्हतं. पाहुण्यांना घेऊन धक्क्यापासून जरा पुढे गेले, तोच मागून आईची हाक आली, माझं नाव घेऊन. मनात आलं, झालं, आता ही होडी विकायला सांगणार. मी होडी वळवली.

आई धक्क्यावर उभी होती, कोपरापर्यंत पीठ. एकीला जागा आहे का म्हणाली, आणि कुणाचा हात न धरता उतरून बसली.

सीलांच्या खडकापाशी मी इंजिन बंद केलं. धुक्यातून आधी फुस्स असा श्वास आला, मग पाठीवरचे उंच काळे पंख, एकामागे एक, स्वप्नात चालल्यासारखे. एक मादी होडीखालून गेली. आईनं इतकं वाकून पाहिलं, की मी तिचा पदरच, म्हणजे एप्रनच, धरून ठेवला.

ऑर्का गेले, आणि आई बोलायला लागली. त्या परक्या लोकांना सांगत होती, की याच खडकावर गिबीनं मला लग्नाचं विचारलं, मी हो म्हणायच्या आत घसरून पाण्यात पडला, आणि सगळे सील त्याच्याकडे बघत राहिले. ती हसत होती, मावशी. बाबांचं नाव घेऊन हसत होती. हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

पाहण्यासारखं तिथे आता काही उरलं नव्हतं. तरी मी इंजिन सुरू केलं नाही, आणि पाहुण्यांतलंही कुणी चला म्हणालं नाही.
तुझी,
ओस्ला