मोआचीची अर्धी शीळ

जिंग,

घरात आलीस की पिंजरा शोधत बसू नकोस, मी तो धुऊन माळ्यावर टाकलाय. आपल्या मोआचीला आजीने सकाळी देवळाच्या तळ्यावर नेऊन सोडलं. मुका जीव सोडला की पुण्य लागतं, बाबांचं ऑपरेशन सुखरूप पार पडेल, म्हणून. लोक कासवं सोडतात, तिथेच. पंख छाटलेला कॉकाटील पोपट तो, उडून जाणार कुठे! बाबांनी दुकानात मुद्दाम न घाबरणारं पिल्लू निवडलं होतं. तळ्यावरच्या मांजरालाही घाबरला नसेल. मला वडाखाली सापडला. बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत पुरलाय.

आजीपाशी यातलं अवाक्षरही काढायचं नाही. “बघ सूनबाई, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्याने,” असं सांगत आज ती पोटभर जेवली. तुला राग येईल. माझ्यावर काढ, तिच्यावर नको.

मी दवाखान्यात चाललेय. पेज पातेल्यात आहे, गरम करून खा. संध्याकाळी आजी देवळात असेल, तेव्हा बाबांचा फोन येईल. ऑपरेशनला आत नेण्याआधी त्यांना मोआचीची शीळ ऐकायचीय. “थांबा, पिंजऱ्याजवळ नेते,” म्हण, फोन जरा लांब धर आणि तूच शीळ घाल. ती चाल त्यांनी तुम्हा दोघांनाही शिकवलीय.

फक्त शेवटची ओळ वाजवू नकोस. मोआचीला ती कधीच जमली नाही. पुरी केलीस तर बाबांना कळेल.

आई