पडवीतला एकच कागद

बाई, आज मालवणात माझ्या गटातली मुलं एका मोठ्या कागदाभोवती बसून रंगवत होती आणि तुमची तारकर्लीची पडवी आठवली. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही आम्हांला तिथे बोलवायचात. आम्ही म्हणजे गावाने ओवाळून टाकलेली: कोणी दारूला लागलेला, कोणी शाळा सोडलेली, आणि मी, वडील समुद्रात गेल्यापासून कुणाशी न बोलणारी, दोनदा घरातून पळालेली. आईने मला ओढतच आणलं होतं. कागद चिकटवून तुम्ही एकच मोठा कागद जमिनीवर अंथरलेला. "सगळ्यांनी ह्याच कागदार काढूचा," म्हणालात. मी काळा रंग घेतला आणि शेजारच्या मुलीच्या चित्रावर फासला.

"बाई, ह्या चेडवान माझी होडी बुडवल्यान," ती ओरडली. सगळे माझ्यावर धावून आले. तुम्ही उठला नाहीत. काळ्या रंगाची वाटी माझ्याकडे सरकवून विचारलंत, "आणखी होयो काय गो?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या बापाशीची होडी बुडली, तेवा खंय होतास तुमी?" चित्रांतून मुलांना बोलतं करायचं हे काम रीतसर शिकल्यावर आता कळतं, अशा वेळी समजूत घालायचा मोह किती मोठा असतो. तुम्ही ती घातली नाहीत. मग त्याच मुलीने हळूच विचारलं, "खंयच्या रंगाची होती?" निळी, मी म्हटलं. तिने निळा ब्रश त्या ओल्या काळ्यात घातला. बाकीचेही ब्रश घेऊन जवळ सरकले. संध्याकाळी कागदावर माझ्या वडिलांची होडी होती, ओबडधोबड, सगळ्यांच्या हातची. अजून डोळ्यांसमोर आहे: न्यायला आलेल्या आईला मी ती दाखवते आहे आणि आई पदराने डोळे पुसते आहे.

पुढे एकदा तुमचा जुना विद्यार्थी, गावातला बडा माणूस, दारात येऊन हसत म्हणाला, "ह्यातलो बेवडो कोण?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "हंय चित्रां काढतत. काढूचा आसा तर बस, नायतर वाट धर." आमच्यासाठी कोणी असं बोललेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

आज मुलं रंगवत होती, मी नेहमीसारखी मागे उभी. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमी पण बसा मगे." बसले. बाई, तुम्ही देवाघरी गेल्यापासून मी ब्रश हातात धरलाच नव्हता. इतरांना बसवत होते आणि हे कुणाला सांगितलं नव्हतं. बोटांना रंग लागलाय. जेवायची वेळ झाली, तरी हात धुवावेसे वाटत नाहीत.