अथनाबेगहून आणलेलं

६ ऑक्टोबर २०११, गुरुवार. फुनाबोरी, जपान

आज पुन्हा काही केलं नाही. लेकीच्या, पूर्वीच्या खोलीत गेले, तिच्या टेबलाचा खण उघडला, बंद केला, बाहेर आले. झालं आवरून!

मार्चमध्ये भूकंपानंतर स्वानंद तिला घेऊन पुण्याला गेला तेव्हा ठरलं होतं — मी मागे राहायचं, घर रिकामं करायचं, किल्ली द्यायची, पंधरा दिवसांत निघायचं. मग त्याला कंपनीनं तिथल्याच ऑफिसात घेतलं. जूनमध्ये पूर्वीला तिकडच्या शाळेत घातलं. आणि मी अजून इथेच. का, असं कोणी विचारलं तर सांगता येत नाही. भीती वाटत नाही. पोरीची आठवण येते, पण दुखत नाही. दाताला भूल दिल्यावर होतं तसं. जीभ लावून बघते, दात आहे जागेवर. बस.

आठ वर्षांची लेक तिकडे आणि आई इकडे डबे पुसत बसलीय. लोक काय म्हणत असतील! म्हणोत.

गुरुवारी वॉर्डाच्या कम्युनिटी सेंटरवर इंग्रजी बोलायला शिकवते, तेवढंच काय ते बाहेर पडणं. आज एक नवीन बाई आल्या. मियाके-सान. सत्तरीच्या, बुटक्या, ताठ. पुस्तक नको म्हणाल्या. पर्समधून एक माहितीपत्रक काढलं — अथनाबेग, आयर्लंडमधलं नदीकाठचं छोटं गाव. इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं. "एवढंच शिकवा. मला तिथे जायचंय."

मी म्हटलं बरं. मला काय, काहीही शिकवीन.

१३ ऑक्टोबर

आजचा धडा: पूल. सात कमानी, दगडी. मधली कमान यादवीच्या वेळी सुरुंग लावून उडवली होती, ती परत बांधली, पण दगड वेगळा. फोटोत स्पष्ट दिसतं, सहा काळपट आणि एक फिकी. मियाके-सान बराच वेळ बघत बसल्या. "लपवलं नाही त्यांनी," म्हणाल्या.

मग कळलं सगळं. त्यांचं गाव उत्तरेला, नदीच्या मुखाशी. साल्मन माशांचं गाव. अथनाबेगही साल्मनचंच, म्हणून दोन्ही गावांची जुनी दोस्ती. एका वर्षी तिकडचं कोणी येतं, एका वर्षी इकडचं कोणी जातं, चिठ्ठ्या टाकून. यंदा चिठ्ठी मियाके-सानची निघाली. मार्चमध्ये निघायचं म्हणून आधी फुनाबोरीला मुलीकडे आल्या, बॅग घेऊन. आल्या आणि भूकंप झाला. मग लाट.

त्यांची गल्ली राहिली नाही. गल्लीतलं कोणीच राहिलं नाही.

हे सगळं त्यांनी चहा मागावा अशा आवाजात सांगितलं. मीही तसंच ऐकलं. मग म्हटलं, "रिपीट आफ्टर मी. द ब्रिज हॅज सेव्हन आर्चेस."

१५ ऑक्टोबर

जयमाला येऊन गेली, चौथ्या मजल्यावरची. दारातच कंबरेवर हात. "अगं राधिका, घर आवरतेयस की संग्रहालय काढतेयस? सहा महिने तीच खोकी! मी तुझ्या जागी असते ना, उडत गेले असते."

उडत कसं जातात, हे विचारायला हवं होतं.

जाताना डबाभर मेथीची भाजी ठेवून गेली. बाई चांगली आहे. बोलणं मात्र मिरचीचं.

२० ऑक्टोबर

धडा: जुना धक्का. दुष्काळात इथून माणसं बोटीत बसून अमेरिकेला जायची. परत कोणी यायचं नाही. म्हणून आदल्या दिवशी घरी रात्रभर जागरण करायची, माणूस गेल्यावर करतात तसं — आणि जाणारा समोर जिवंत बसलेला!

"त्याला सांगत असत का?" मियाके-साननी विचारलं. "की हे शेवटचं म्हणून?"

माहितीपत्रकात नाही लिहिलेलं. मी म्हटलं, न सांगता कळतंच की.

संध्याकाळी पुण्याला फोन. पूर्वीचे प्रश्न म्हणजे धन्य! काएदे-चानचे पुढचे दात आले का? वर्गात कोणी नवीन आलं का? तानाका-सेन्सेईंना गोड चालतं का? मी म्हटलं, मला गं काय माहीत, मी काय त्यांना जेवायला बोलावते! मग म्हणाली, "आई, माझे उवाबाकी फेकू नकोस हं." उवाबाकी म्हणजे शाळेत आत घालायचे ते पांढरे बूट. अगं, ते आता लहान होतील तुला, म्हटलं. तर फोन आजीकडे देऊन पळाली.

काएदे-चान म्हणजे तळमजल्यावरची मैत्रीण, तानाका-सेन्सेई वर्गशिक्षक. मार्चमध्ये टॅक्सीत बसताना पळत येऊन तिनं पूर्वीच्या हातात सशाचा रुमाल कोंबला होता. तो अजून असेल का कोणास ठाऊक.

२६ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. पणती लावली. विझली. पुन्हा लावली नाही.

२७ ऑक्टोबर

आज मियाके-सान म्हणाल्या, अथनाबेगचं पुरे, आता माझ्या गावाचं शिकवा. तिथली माणसं विचारणार ना, तुमचं गाव कसं आहे! तेव्हा चांगल्या इंग्रजीत सांगता आलं पाहिजे.

मी फळ्यावर दोन रकाने काढले, माहितीपत्रकात होते तसेच. इतिहास. प्रेक्षणीय स्थळं. त्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "हिस्टरी आहे. अ‍ॅट्रॅक्शन्स नाहीत."

कोपऱ्यातले दोन आजोबा हसले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि दोघांनी वहीत डोकं घातलं. मी तो रकाना पुसला. मला काही तरी वाटायला हवं होतं. खडूची धूळ नाकात गेली, एवढंच.

१ नोव्हेंबर

मियाके-सानच्या मुलीकडे चहाला गेले. बॅग दाखवली त्यांनी. मार्चमध्ये भरलेली, तशीच. इकडे रीत आहे, लांब जाणाऱ्याला शेजारीपाजारी काही ना काही देतात. मासेवाल्याच्या बायकोनं हातमोजे दिलेले. न्हाव्यानं रेनकोट. देवळातल्या आजींनी घरच्या उमेबोशी, खारवलेली आंबट फळं, तिकडचं अन्न नाही सोसलं तर म्हणून. एकेक वस्तू बाहेर काढून नाव घेऊन ठेवत गेल्या. गल्लीतली सगळी घरं चटईवर मांडून झाली.

मुलगी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तुम्ही तरी सांगा ना हिला, नको जाऊ म्हणून. थंडीत, एकटी, या वयात!"

मियाके-सान ऐकतच होत्या. "घेतलंय ना मी त्यांच्याकडून," म्हणाल्या. "घेतलं की जायचं. गेलं की आणायचं."

ओमियागे. प्रवासाहून येताना ज्याला त्याला काहीतरी आणायचंच. स्वानंद दोन दिवस ओसाकाला गेला तरी ऑफिसात वाटायला बिस्किटांचा डबा आणायचा. पण इथे आणून द्यायचं कोणाला? मी नाही विचारलं.

६ नोव्हेंबर

इचिकावा स्टेशनपर्यंत सोबत गेले, तिथे गाडी बदलून त्या विमानतळाला. न्हाव्याचा रेनकोट अंगात. ऊन पडलं होतं चक्क!

१३ नोव्हेंबर

पूर्वी फोनवर आली नाही. सासूबाई म्हणाल्या, "झोपलीय गं." संध्याकाळी पाच वाजता?

१९ नोव्हेंबर

आजही नाही. स्वानंदचा आवाज बारीक आणि थंड. "राधिका, मी भांडत नाहीये. डिसेंबरअखेर ये, नाहीतर सरळ सांग की येणार नाहीस. ती विचारायची बंद झालीय. हे मला जास्त वाईट वाटतं."

मी म्हटलं, तिला सगळं नीट समजावलंयस ना तू?

तो म्हणाला, "आता काय समजवायचं? शाळेत रमलीय. मराठी तर असली बोलते, पेठेतली पोर वाटते."

बरं, म्हटलं. फोन ठेवला. भाताला कुकर लावला. जेवले. पोरगी हातातून चाललीय माझ्या, हे मला कळतं. रस्त्यात पडलेली दुसऱ्याची छत्री दिसावी तसं कळतं. वाकून उचलवत नाही. मेली कसली बाई आहे मी!

२४ नोव्हेंबर

मियाके-सान परत! गालांना चक्क रंग आलेला.

सांगत होत्या — पाऊस, रोज पाऊस. लोकरीची गिरणी आता दुकान झालीय. किल्ल्यात कावळे. मठाला छप्परच नाही, पण आत अजून लग्नाचे फोटो काढतात. फिकी कमान प्रत्यक्षात आणखी फिकी दिसते. मासे वर चढायचा बांध बघितला. तिथला म्हातारा राखणदार त्यांच्या गावी येऊन गेलेला, फार वर्षांपूर्वी. त्यानंच विचारलं, गाव कसं आहे.

"मग? सांगितलंत?"

"सगळं. तुम्ही शिकवलं तसं. सोळाव्या शतकापासून."

"तो काय म्हणाला?"

"माझा हात धरून उभा राहिला. पाण्यात एक मासा उडी मारत होता, पडत होता, परत मारत होता. तो चढेपर्यंत आम्ही उभे. मग त्यानं मला घरी नेऊन सूप दिलं. खारट होतं."

मग म्हणाल्या, पुढच्या रविवारी, चार तारखेला, मला ओमियागे द्यायला जायचंय, पिशव्या जड आहेत, याल का? मुलगी येणार नाही म्हणते.

हो म्हटलं. रविवारी मला तरी कुठे काय असतं!

४ डिसेंबर

गाडी, मग बस, मग चालणं. गाव नाही. गवत आहे, आणि गवतात घरांचे पाये. मियाके-सान रस्ता पाठ असल्यासारख्या सरळ चालत होत्या. एका घराच्या पायात निळ्या फरशा होत्या न्हाणीघराच्या. "हा न्हावी," म्हणाल्या. पिशवीतून लोकरीची टोपी काढली, दोन्ही हातांनी धरली, वाकल्या. "तदाइमा." घरी परतल्यावर म्हणतात ते. मी आले. टोपी फरशीवर ठेवली, वर दगड ठेवला वाऱ्यासाठी. पुढचं घर.

मासेवाल्याच्या बायकोला शाल. देवळातल्या आजींना साबण. एकाला पुलाचं चित्र असलेला चहाचा कप. प्रत्येकाला थोडं थोडं सांगायच्या तिथलं. न्हाव्याला म्हणाल्या, तुमचा रेनकोट फार कामी आला हो.

मी मागून पिशव्या घेऊन. बोटं गारठून गेली होती. रडावं असं वाटलं नाही. 

परतताना बसमध्ये त्यांनी पिशवीच्या तळातून एक लहान टोपी काढली. लाल, वर गोंडा. अथनाबेगच्या गिरणीतली. "पूर्वी-चानसाठी."

मी म्हटलं, "किती छान! उद्याच पोस्टात टाकते."

त्यांनी टोपी परत आपल्या मांडीवर घेतली. रागावल्या. मियाके-सान मला रागावल्या! "पोस्टानं नाही पाठवायचं. ओमियागे हातानं द्यायचं असतं. मी मेलेल्यांना हातानं दिलं आज. तुमची मुलगी जिवंत आहे."

मग खिडकीकडे तोंड करून बसल्या. उतरताना टोपी माझ्या हातात दिली.

५ डिसेंबर

तिकीट काढलं. तेवीसचं.

११ डिसेंबर

उडत नाही, पण चालले आहे खरी. वॉर्डात फोन करून मोठ्या सामानाच्या कचऱ्याची तारीख घेतली, स्टिकर आणून चिकटवले. पूर्वीच्या टेबलाचा खण आधी एकदा उघडून बंद केला. पण स्टिकर लावला.

सायकल जयमालाला दिली. ती रडायला लागली! "मेले, तू खरंच चाललीस?" काय बाई आहे, सहा महिने जा जा म्हणून डोकं खाल्लं आणि आता मुळूमुळू रडतेय.

१८ डिसेंबर

उवाबाकी सापडले. अंगठ्याच्या इथे फाटलेले. जाळायच्या कचऱ्यात टाकले.

२२ डिसेंबर

किल्ली दिली. रिकामं घर बघितलं. पडद्याची जागा भिंतीवर फिकी दिसत होती. संपलं एकदाचं. आता सगळी एका ठिकाणी. भूक लागल्यासारखं वाटलं, बऱ्याच महिन्यांनी. किंवा आनंद असेल.

मियाके-सान स्टेशनवर आल्या होत्या. हातात डबा. उमेबोशी. "जाणाऱ्याला द्यायचं असतं," म्हणाल्या.

२४ डिसेंबर. पुणे

दार पूर्वीनंच उघडलं. वीतभर उंच झालीय. टोपी हातात दिली, ती घालून आरशात बघून आली. मग माझा हात ओढत आत. पलंगाखालून पिशवी काढली. चिक्की, विरघळून कागदाला चिकटलेली. लाकडी भोवरे. बांगड्या. प्रत्येक पुडीवर जपानीत एकेक नाव. सगळा वर्ग. काएदे-चानची पुडी सशाच्या रुमालात बांधलेली. बिनसाखरेची पुडी तानाका-सेन्सेईंची, कारण मी नीट सांगितलं नाही, त्यांना गोड चालतं की नाही ते.

"आलीस ना न्यायला? कधी जायचं घरी?"

स्वानंदकडे बघितलं. तो माझ्याकडे. त्याला वाटलेलं, आता परत जायचं नाही हे मी सांगितलंय. मला वाटलेलं त्यानं. भूल उतरली. इतकं दुखलं की मी खाली फरशीवरच बसले. तोंडातून काय निघावं? म्हटलं, "आपण हे पोस्टानं पाठवू या हं, सोन्या."

"आई!" ती म्हणाली. "पोस्टानं नसतं पाठवायचं."