सुकाणू ज्याच्या हातात

जिंतूर,
५ जानेवारी

प्रिय रुद्राणी,

शरणार्थ. तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे थंडी बरी आहे, तुरीच्या शेंगा आल्यात, माझा गुडघा ठीक.

तुझा निरोप मिळाला. "वहिनी, वय झालं, आता ती शिडाची नाव विकून टाका." वय झालं म्हणजे काय गं? निवृत्त बाईनं नुसती मेथी निवडत बसायचं का? तुझ्या नवऱ्याची मोटारसायकल विका, असं मी कधी म्हटलं? तुझे दादा पाटबंधारे खात्यात येलदरीला होते, तेव्हा खात्याची मोडकी होडी दुरुस्त करून त्यांनी तिला शीड लावलं. लोक हसले. आज त्याच धरणात शर्यतीला शिडाच्या चार नावा उतरतात. हा आमचा संसार आहे, भंगार नव्हे.

तुला बातमी कुणी दिली तेही मला ठाऊक आहे. त्या दिवशी काठावर असलेल्या सेलूच्या महारुद्रांच्या पोटात काही राहत नाही. हो, डिसेंबरात आमची नाव उलटली. खडकावर आपटून तळाला चीर गेली. सध्या ती अंगणात पालथी आहे आणि तुझे दादा काचेचं कापड आणि राळ लावून चीर बुजवतायत. झालं एवढंच.

एवढंच नाही. फोनवर बोलले असते, पण हे शेजारी बसलेले असतात.

आमच्या नावेत हे सुकाणूवर असतात आणि शिडाचा दोर माझ्या हातात. वारा अचानक भरला की हे ओरडतात, "सोड!" मी दोर सोडते, शीड सैल पडतं, नाव सावरते. तेव्हा दोर धरून ठेवला तर नाव आडवी. सुकाणू ज्याच्या हातात, त्याचा शब्द जागच्या जागी ऐकायचा. उलट बोलते म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी मला कितीदा बाकावर उभं केलं होतं! मुकाट ऐकते ती फक्त नावेत.

त्या दिवशी वारा भरला आणि हे ओरडले, "धर!"

मी धरला.

पाण्यातून वर आले तर हे खवळलेले. "सोड म्हणालो ना मी!" मी म्हटलं, "धर म्हणालात!" लाइफ जॅकेट घालून तरंगत, भर धरणात आम्ही भांडलो. काठावर महारुद्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, साहेब धरच म्हनायलते. आमाला ऐकू आलं." तेव्हा भांडण जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता.

परवा चहाचा घोट घेऊन म्हणाले, "लय गोड झालाय, साखर घाल." मी सवयीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दार लाव म्हणतात आणि उघडं ठेवलं नाही म्हणून चिडतात. यांना स्वतःला पत्ता नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी शर्यत आहे. हे हट्टाला पेटलेत. मी म्हटलं, यंदा सुकाणू मी घेणार, माझ्या गुडघ्यानं दोरावर वाकवत नाही. खोटं बोलले. काल तेवढ्यापुरती नाव सुलटी करून, शीड चढवून अंगणातच सराव केला. मी ओरडले, "अहो, सोडा!" हे हसून लोळले. "लिंबू टाकून देऊ का?" मग म्हणाले, "बाई, नावेत अहो-जाहो चालत नाही. वारा थांबत नसतो. सरळ 'सोड' म्हण."

लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला एकेरीत म्हणाले, "सोड!" त्यांनी सोडला. फार मजा वाटली त्यांना. "पुन्हा म्हण!"

मी पुन्हा म्हटलं, "सोड!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोर मुठीला गुंडाळून घट्ट ओढला. शाबासकी मागणाऱ्या पोरासारखा चेहरा करून म्हणाले, "बरोबर ना?"

मी म्हटलं, "बरोबर."

रुद्राणी, तुम्हा भावंडांच्या अप्पांच्या शेवटच्या वर्षांत तू त्यांच्याजवळ होतीस. आम्ही आलो तेव्हा ते कुणालाच ओळखत नव्हते. त्याआधीचं मी कधी विचारलं नाही. त्यांचं सुरू कशानं झालं? असंच, शब्दांनी? किती दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. परभणीच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं तर हे म्हणतात, नाव उलटली म्हणून डोकं तपासतात का? मी एकटी यांना नेऊ शकणार नाही. तुझं ऐकतील. आणि शर्यतीला मी "नाही" म्हणायचं ते कुठल्या तोंडानं? हात राळेत माखले की हा माणूस अजून पूर्वीसारखा शीळ घालतो.

आत्ता दारातून डोकावून गेले. "रुद्राणीला लिहितेस? तिला म्हणावं, अजिबात येऊ नकोस," असं मोठ्या मायेनं म्हणाले.

तू लगेच निघ.

भ्यालेली, तुझी
भागम्मावहिनी