एका शिंगाचा नंदी

नागपूर, ४ ऑगस्ट २०२५

ती. चंपतदादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी रडते आणि तुला काही कळत नाही, म्हणून लिहिते. परराष्ट्र मंत्रालयातून फोन होता. टोरांटोच्या वकिलातीतल्या बाई १६ तारखेला पियुषला भेटणार आहेत. त्याच्या बाबांनी हो म्हटलंय, दहा मिनिटं व्हिडिओवर बोलूही देणार आहेत. सुट्टीसाठी म्हणून त्यांनी माझ्या मुलाला तिकडे नेलं, त्याला दोन वर्षं झाली, एवढं पहिल्यांदाच. मुलं परत करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत नाही, त्यामुळे विनंतीच करता येते, हे अधिकाऱ्यांनी लपवलं नाही. कोर्टाचं चालूच आहे.

कधी येतोस, असं विचारायचं नाही, हे डायरीत लिहून ठेवलंय. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात ते नाही. मग विचारू काय? त्याला मराठी तरी उरली असेल का? तान्ह्या पोळ्याला मुलांसोबत दारोदार फिरवायचा तो त्याचा लाकडी नंदी तू दुरुस्तीला नेलायस, तो पाठव.

तुझी माया आहे म्हणून इतकं मागते.
वैभवी

कुही, ९ ऑगस्ट

चि. वैभवीस, अ. आ.

नंदी तुह्या देवकीवहिनीसंगं पाठवला. तुटक्या शिंगाच्या जागी नवं बसवलं, रंग देला, घुंगरू बांधले. माह्या बैलजोडीचं करतो तेवढंच केलं, तरी वहिनी म्हणते लाकडाचा लाड जास्त होऊन राहिला. तू काहून एवढा इचार करतं वं? जेवला का, इचार. अन् रडू नोको, पोरगं भिईन.

भावाचं एवढं ऐक.
चंपतराव

नागपूर, १७ ऑगस्ट

ती. दादास, शि. सा. न.

बोलणं झालं. पियुष उंच झालाय. जेवलास का विचारलं, तो इंग्रजीत हो म्हणाला, खिडकीकडे बघत. मग मी नंदी पुढे धरला. त्यानं निरखून पाहिलं आणि म्हणाला, हा माझा नाही. हे तो मराठीत म्हणाला, दादा. त्याच्या नंदीला एकच शिंग होतं, मामाच्या ओसरीवरून दोघं सोबत पडले होते. तुम्ही तो टाकून दिला का, असं विचारत होता. मामानं नटवलाय, हाच तो, हे त्याला पटेना. शेवटी म्हणाला, माझा सापडला तर फिरव, नाहीतर त्याला घरोघरचा बोजारा, खाऊ, कोण देणार?

त्याला आठवतंय, याचा आनंद मानू? की इतकं आठवणारा मुलगा तिकडे किती एकटा असेल, याचं वाईट वाटून घेऊ?

तुझ्यावर राग नाही, लोभच आहे.
वैभवी

कुही, १९ ऑगस्ट

चि. वैभवीस, अ. आ.

माहंच चुकलं. शिंग चिकटवलं नाही, खुंटीवर बसवलं. पिरगाळलं का निघते. काढ अन् फिरव नंदी. तुह्यासारखी कॉलेजात शिकवणारी बाई लेकरायच्या रांगेत, पाहाले मीही आलो असतो. पण पोळ्याच्या दिवसात बैलं कोणाच्या भरोशावर सोडू? लोकं हासतील तं हासू दे वं.

आशीर्वाद आहेच.
चंपतराव

नागपूर, २४ ऑगस्ट

ती. दादास, शि. सा. न.

काल तान्ह्या पोळ्याला शिंग काढलं आणि दोरी धरून गल्लीतल्या मुलांमागे उभी राहिले. लाज वाटली. एका चिमुरडीनं विचारलं, तुमचं बाळ कुठे आहे. लांब आहे, म्हणून मी आले, असं सांगितलं. तिनं मला आपल्यापुढे उभं केलं. कोपऱ्यावरच्या पार्वतीबाईंनी नंदीला ओवाळलं आणि त्यालाच विचारलं, काहून गा, मालक कुठं हाय तुया?

एका शिंगाच्या नंदीचा फोटो मंत्रालयात पाठवलाय. वकिलातीमार्फत पोचवायचा प्रयत्न करू म्हणाले. बोजाऱ्यात मिळालेले लाडू टिकणार नाहीत, ते मुलांना वाटले. गोळ्या डब्यात भरल्या. त्यातच तुझं नवं शिंग ठेवलंय, मलमलीत गुंडाळून. बसवायचं की नाही, ते त्याला विचारून.

तोवर आम्हा तिघांवर लोभ असू दे: मी, तो आणि हा नंदी.
वैभवी