गल्लालाच्या अंगणाचा उतार

मी, वरीदा बिंत युनूस, वय सत्तावीस, राहणार गल्लाला, जर्बा बेट, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. नर्स सल्माने आज सकाळी नाडी पाहिली आणि छाती सोडली तर बाकी सगळे ठीक आहे असे सांगितले. मला कोणी लिहायला बसवलेले नाही. ८ ऑक्टोबरला ट्यूनिसच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, एवढेच कारण.

वाटणीच्या आधी एक दुरुस्ती. गेल्या डिसेंबरात भाऊ सुलेमान याला दिलेल्या निवेदनात मी लिहिले होते की, नव्या घराच्या अंगणाचा सुधारलेला नकाशा मी त्याच वर्षी २ सप्टेंबरला गवंडी उस्ता बलगासम यांच्या हाती दिला आणि त्यांनी तो न पाहता फरशी केली. हे चूक आहे. चूक म्हणणेही पळवाट आहे. ते खोटे आहे. तो नकाशा माझ्या टेबलाच्या खणातून कधी बाहेर पडलाच नाही. आजही तिथेच आहे, आणि त्यावर चुन्याचा एक डाग नाही. गवंड्याच्या हाती गेलेला कागद असा राहत नाही.

घडले ते असे. सुलेमान पॅरिसला दुकान चालवतो. घर बांधायला काढले तेव्हा तो म्हणाला, "आतलं माझं, बाहेरचं तुझं. शिकलीस ना नकाशे काढायला?" मी अंगण, ओटा, द्राक्षाचा मांडव, भाकरीची भट्टी, सगळे आखले. आमच्याकडे गच्चीचे आणि अंगणाचे पावसाचे पाणी टाक्यात उतरते आणि वर्षभर तेच पितात, म्हणून अंगणात आधी उतार ठरतो, मग बाकीचे. पहिल्या नकाशात टाके स्वयंपाकघराच्या भिंतीशी होते. नंतर मला वाटले, समुद्राचा वारा नेमका त्या भिंतीशी येतो, तिथे बसायचा ओटा हवा. मी टाके पश्चिमेच्या कोपऱ्यात नेले. टाके खणणाऱ्यांना नवा नकाशा मी स्वतः उभी राहून दाखवला. उस्तांकडे जुनाच राहिला, उतार स्वयंपाकघराकडे असलेला.

फरशीच्या दिवशी मी स्फाक्सला तपासणीसाठी रांगेत बसले होते. उस्तांचा फोन आला. "पोरी, टाकं तिकडे आणि उतार इकडे? खालून नाली टाकायचीय का?" मला धाप लागली होती. मी म्हणाले, "कागदावर आहे तसंच करा, मला विचारू नका." त्यांनी तसेच केले.

नोव्हेंबरच्या पावसात सगळे पाणी ओट्याखालून स्वयंपाकघरात शिरले. पिठाची पोती गेली. टाक्याचा तळ कोरडा राहिला आणि उन्हाळाभर आम्ही टँकरचे पाणी प्यायलो. डिसेंबरात सुलेमानने उस्तांना चार लोकांसमोर अंगणात उभे केले. त्यांनी एवढेच म्हटले, "माझ्याजवळचा कागद वेगळा होता. पण घर तुमचं, शब्द तुमचा." मी फरशीकडे पाहत राहिले. तेव्हापासून गल्लालात त्यांना कोणी अंगण करायला बोलावत नाही. गेल्या महिन्यात मी त्यांना कुंभाराच्या भट्टीवर लाकडे रचताना पाहिले. त्यांनी मला सलाम केला.

आता वाटणी. कायद्याने मी तिसऱ्या हिश्श्यापुरतेच देऊ शकते, तेही वारसांखेरीज इतरांना. म्हणून देणे थोडे आहे, विनंत्याच जास्त.

एक. आजोबांची पाणसळीची नळी आणि दोन लाकडी पट्ट्या उस्ता बलगासम यांना. आजोबा टाकी खणत. मला अक्षरे त्यांनीच शिकवली, टाक्याच्या ओल्या गिलाव्यावर बोटाने. आकडे या नळीवर शिकले. दोन टोकांचे पाणी सारखे दिसेपर्यंत ते मला जेवायला सोडत नसत. ती नळी माझ्याकडे असायला नको.

दोन. नकाशाचे टेबल सल्माच्या धाकटीला. त्याचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घालावा.

तीन. दोन सोन्याच्या बांगड्या आणि बाकीचे कपडेलत्ते नियमाने उम्मीला, म्हणजे माझ्या आईला, आणि सुलेमानला जातील. त्यात मी बोलणार नाही.

चार. अंगण सुलेमानचे आहे, ते देण्याचा मला अधिकार नाही. पण बाहेरचे माझे असे तो म्हणाला होता, त्या जोरावर मागते. ओटा तोडावा. मला तो फार आवडतो, तरी तोडावा. फरशी उखडून उतार पश्चिमेकडे घ्यावा. काम उस्तांना विचारावे. ते नाही म्हणाले तर दुसऱ्या कोणाला विचारण्याआधी पुन्हा एकदा त्यांनाच विचारावे. द्राक्षाच्या वेलाला हात लावू नये, त्याने यंदाच मांडव धरला आहे. भट्टीचा धूर शेजारच्या वाळवणावर जातो, तीही माझीच चूक. ती दोन हात मागे घ्यावी. चुना दिल्यावर अंगणात चपला आणि कोंबड्या आणू नयेत, आणि पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडावे. हे सगळ्यांना माहीत आहे. लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

पाच. आत्या खीरा. पायाभरणीच्या दिवशी ती हसत म्हणाली होती, "पोरीने आखलेलं अंगण, होडी बांधून ठेवा." मी वर्षभर तिच्याशी बोलले नाही. तिचे खरे निघाले, पण ती हसली म्हणून नव्हे. तिला जाईची दोन रोपे द्यावीत, आणि त्या बोलण्याचा राग मी सोडला असे सांगावे. पूर्ण सुटलेला नाही, पण सोडते आहे.

सहा. हा कागद माझ्या मृत्यूनंतर उघडावा असे आधी लिहिले होते. काल उम्मीला वाचून दाखवला. ती वाटाणे सोलत होती. शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे तू मेल्यावर खरं बोलणार, आणि उस्तांच्या दारात मान खाली घालून कोण उभं राहणार? मी?" मी म्हणाले, आत्ता सगळ्यांसमोर बोलायचे तर माझ्या छातीला सोसणार नाही. ती म्हणाली, "बसून बोल. ओटा अजून आहे ना?"

म्हणून ते कलम खोडले आहे. सुलेमान गुरुवारी येतो आहे. शुक्रवारच्या नमाजानंतर उस्ता बलगासम, सुलेमान, आत्या खीरा आणि डिसेंबरात अंगणात उभे असलेले चौघे यांना जेवायला बोलावले आहे. त्यांच्यासमोर, जेवणाआधी, मी हा कागद पहिल्या ओळीपासून वाचीन आणि चुन्याचा डाग नसलेला नकाशा उस्तांच्या हाती देईन. ते न जेवता उठून गेले तर कोणी अडवू नये. माझा आवाज बंद पडला तर पुढचे सल्माने वाचावे. मधले काही गाळू नये.

खाडाखोड एकच आहे, कलम सहामध्ये, आणि ती मी केली आहे.

साक्षीदार: सल्मा बिंत ताहिर, नर्स. यूसुफ बिन अम्मार, कुंभार, शेजारी.
(उम्मी वारस आहे, म्हणून तिची सही घेतली नाही. तिला त्याचा राग आला आहे.)

सही: वरीदा बिंत युनूस
गल्लाला, मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५

वाचन: शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५.