राजाचा शेवट माझ्या हाती होता

५ जानेवारी, सकाळ.
आजपासून रोजनिशी नियमाने लिहिण्याचा निश्चय केला आहे. कारण सबळ आहे. नातीच्या कॉलेजात यंदा एक अभिजात शोकांतिका सिलॅबसला लागली असून, तिची पार्श्वभूमी व पारिभाषिक संज्ञा यांवर माझे लेक्चर ठरले आहे. नातीने प्राध्यापिकाबाईंना परस्पर सांगितले की आमचे आजोबा नाटक कंपनीत त्यातल्या राजाची भूमिका करीत.
वस्तुतः मी पडदा ओढीत असे. तथापि 'राजाचा शेवट रोज माझ्या हाती असे' हे वाक्य मी घरात अनेकदा उच्चारले आहे व ते अक्षरशः सत्य आहे. ऐकणाऱ्याने त्याचा काय अर्थ करावा, यास मी उत्तरदायी नाही.
नात म्हणाली, "आजोबा, सगळ्या वर्गाला सांगून बसलेय मी. माझं नाक कापू नका हं." मी म्हणालो, निश्चिंत राहा.

७ जानेवारी.
पार्श्वभूमी तयार. नगरात साथ येते. राजा वेशीचा दरवाजा बंद करवितो व प्रतिज्ञा करतो की कोणासाठीही तो उघडणार नाही. बाहेर त्याचीच कन्या राहिली आहे. लोक विनवितात, राजा शब्दास जागतो, कन्या दाराशीच प्राण सोडते. अखेरीस राजा "विझवा ते दिवे!" असे गर्जतो आणि मी पडदा पाडतो. म्हणजे पाडीत असे.
विंगेतून मला राजाची केवळ डावी बाजू दिसे. परंतु तीही पुरेशी बोलकी होती.

८ जानेवारी.
संज्ञा पहिली: नायकदोष. थोर पुरुषाचा नाश करणारा असा दोष, जो जगास दिसतो व त्यास मात्र दिसत नाही. उदाहरण शोधण्यास उंबरठ्याबाहेर जावे लागले नाही. सूनबाईंचा चहा. साखर कमी असते, हे त्या आजन्म मान्य करणार नाहीत.

१० जानेवारी.
'विरेचन' या शब्दाने घात केला. माझ्या समजुतीप्रमाणे तो जुलाबाशी संबंधित आहे. नात म्हणते, करुणा आणि भीती यांनी प्रेक्षकाचे मन धुऊन निघते, ते विरेचन. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे असले तरी ती जुनी चौथी होती. म्हणून दोन्ही अर्थ सांगणार आहे.
आरशासमोर राजाचा अभिनय करून पाहिला. सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "बाबा, दुधावर लक्ष ठेवा म्हटलं होतं ना? सगळा ओटा भरला, आणि तुम्ही हात वर करून उभे!" कलावंताच्या वाट्यास हे येणारच.

१३ जानेवारी.
भूक नाही. राजाचे संवाद आठवू गेलो असता केवळ पडद्याच्या खुणेची वाक्ये आठवतात. मधले सर्व भाषण म्हणजे माझ्या लेखी विडी ओढण्याची वेळ होती.
घसा बसल्याची बतावणी केली. नातीने तत्काळ औषधाची बाटली आणून दिली व मी तिच्यादेखत डोस घेईपर्यंत उभी राहिली. औषध कडू निघाले. घसा नाइलाजाने बरा झाला.

१५ जानेवारी, दुपार.
खरे काय ते सांगून टाकावे म्हणून तिच्या खोलीपर्यंत गेलो. ती माझा कोट इस्त्री करीत होती. भिंतीशी फलक टेकविला होता: 'राजाच्या भूमिकेतील ज्येष्ठ नट आपल्या भेटीस.' अक्षर तिचेच, सुरेख.
मी विचारले, इस्त्री फार तापली नाही ना? ती म्हणाली, "नाही हो आजोबा." मी परत आलो.

१६ जानेवारी.
नातीकडून नाटकाचा ग्रंथ आणून वाचून काढला. "विझवा ते दिवे!" येताच मिटला. पुढेही काही पाने आहेत. परंतु ती टिपा व शब्दार्थांची असणार. तसल्या गोष्टी मुलांसाठी असतात. आता चिंता नाही.
संध्याकाळ. चिंता आहे.

१८ जानेवारी.
जे घडले ते लिहितो.
सभागृह भरले होते. नायकदोष उत्तम झाला. कलाटणीही बरी. विरेचनास मुले पोट धरून हसली. मग बाईंनी विचारले, नायकाला स्वतःची चूक उमगते त्या क्षणास अभिज्ञान म्हणतात. तो क्षण आपण कसा साकारीत होता? मी म्हणालो, मनापासून. टाळ्या पडल्या. नात पहिल्या रांगेत ताठ बसून सर्वांकडे पाहत होती.
येथवरच थांबते तर.
माझ्या सन्मानार्थ विद्यार्थ्यांनी अखेरचा प्रवेश केला. मला पडद्यापुढे, विंगेशी खुर्ची दिली होती. राजा झालेला पोरगा खरोखर चांगले बोलत होता. तो "विझवा ते दिवे!" म्हणाला.
मी केव्हा उठलो ते मला ठाऊक नाही. दोर हातास लागला. पडदा एका झेपेत खाली आला. झोकात आला, हे नमूद केले पाहिजे.
पडद्यामागून पोरगा म्हणाला, "अहो, संपलं नाही अजून! खरं भाषण तर आता आहे!" दिवे विझल्यावर राजा अंधारात उभा राहून बोलतो, तेच अभिज्ञान, असे बाईंनी हळूच समजाविले. आमच्या कंपनीच्या मालकांनी ते भाषण कापले असावे. मला कोणी सांगितले नाही.
माझ्या हातातील दोराकडे पाहून मागच्या रांगेतून कोणी म्हणाले, "अरे, हे तर पडदेवाले!" प्रथम एक हसला. मग सर्व. नात हसली नाही.

१९ जानेवारी.
कोट खुंटीवर. फलक दिसला नाही. सूनबाईंनी चहा दिला. साखर बरोबर होती. पूर्वीही बहुधा बरोबरच असावी.
ग्रंथ पुन्हा मागण्यास नातीच्या दाराशी गेलो. दार आतून बंद होते. हाक मारली.
अंधारात राजा काय म्हणतो, हे मला अद्याप ठाऊक नाही. ती दार उघडेल तेव्हा विचारीन. तोवर बाहेरच बसलो आहे.